कारभारी पगारेचं पोट

कारभारी पगारे घरी यायचा तेव्हा दारातून आधी त्याचं पोट आत यायचं, मग कारभारी, आणि मागून त्याची छत्री. नाशिकरोडच्या त्या कॉलनीत हा विनोद इतका जुना झाला होता की करणाराही त्याला हसत नसे. कारभारी मात्र हसायचा. सदऱ्याची खालची बटणं कायम ताणलेली, पट्टा पोटाखाली घसरलेला, आणि त्यावर तळहात ठेवून तो म्हणायचा, "हसा लेको. हे आयतं नाही आलं. बहात्तरच्या दुष्काळाच्या छाताडावर पाय देऊन वाढवलंय."

त्याच्या आईला, भागुबाईला, या पोटाचं केवढं कौतुक! नळावर बायका बोलायला लागल्या की कुणी पोराची बढती सांगे, कुणी नवा रेडिओ. भागुबाई आपली घागर पुढं सरकवत एवढंच म्हणायची, "माझ्या लेकाच्या घरी सगळी जेवून उठली तरी दुरडीत भाकरी उरती." शहरात वाढलेल्या बायकांना यात सांगण्यासारखं काय आहे ते कळत नसे. ते कळायला नांदगावकडचा दुष्काळ बघितलेला असावा लागतो.

कारभारीचं गाव त्याच बाजूला. बाप चिमाजी लवकर गेला. मॅट्रिक होऊन रिकामा बसलेला कारभारी, त्याची बायको सिंधू, लहानगी मंगला आणि भागुबाई, एवढं घर. बहात्तर साली पावसानं दगा दिला आणि सगळं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला बसलं. मॅट्रिक पास झालेल्याला हातोडी काही वेगळं ओळखत नाही. कारभारीच्याही हाताला फोड आलेच. रेशनवर परदेशातली लाल मिलो ज्वारी मिळे. तिची भाकरी घशाखाली ढकलावी लागे. कामावर सुकडी, भाजलेल्या पिठाचा गोडसर भुगा, वाटत, ती मंगलाच्या वाट्याला. कालवण म्हणजे तरोटा, घोळ, बांधाला जो काही हिरवा पाला तग धरून असेल तो, मीठ घालून उकडलेला.

भागुबाई सगळ्यांना वाढायची आणि स्वतः चुलीकडं तोंड करून बसायची. "माय, तू?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "माझं मघाच झालं." कधी झालं, काय झालं, कुणी खोलात जात नसे. भुकेल्या माणसाला असल्या उत्तरावर विश्वास ठेवायला आवडतं. मग एका दुपारी ती खडीच्या ढिगावरच कोसळली. शेजारच्या बायकांनी वारा घालायला लुगडं सैल केलं, तर आत पोटाला एक चिंधी करकचून आवळून बांधलेली. भुकेची कळ दाबायला बांधतात तशी, बेंबीवर गाठ मारून. कारभारीनं ती गाठ बघितली, आणि तिथंच, हातातली हातोडी बाजूला ठेवून, तो आईला म्हणाला, "माय, मला एकदा नोकरी लागू दे. माझ्या घरातली दुरडी कधी रिकामी होऊ देणार नाही. सगळे जेवून उठले तरी तिच्यात भाकरी उरलीच पाहिजे."

बोलणारे पुष्कळ असतात. कारभारीनं बोललेलं केलं. दोन वर्षांनी त्याला नाशकात सरकारी कचेरीत कारकुनाची नोकरी लागली, पुढं कॉलनीत खोल्या मिळाल्या, आणि पहिल्या दिवसापासून सिंधूला सांगणं एकच, "हात आखडू नको. उरू दे." सिंधू परातभर पीठ मळायची. दुरडी झाकली तरी वरचं फडकं फुगलेलं राही. आता उरलेलं अन्न टाकायला कुणाचा जीव होणार? दुष्काळातून आलेल्या माणसाचा तर नाहीच नाही. कारभारी संध्याकाळी कचेरीतून आला की सकाळच्या भाकरीचा तेल-तिखट घालून काला करायचा, रात्रीच्या जेवणावर उरलेला भात निपटायचा, शिवाय कचेरीसमोरची मिसळ होतीच. असं ते पोट दहा वर्षांत तयार झालं.

कारभारी सुधारलेला माणूस. बायकांनी मागून जेवायचं ही पद्धत त्यानं घरातून काढून टाकली. सिंधू बालवाडीत शिकवायला जायची, तीही कमावती. दोघं शेजारी ताटं घेऊन बसत. पण भागुबाईपुढं त्याची सुधारणा चालली नाही. "तुमचं तुम्ही खा. मी मागून निवांत खाईन," हे तिचं पालुपद. त्यानं भाषणं केली, रुसून बघितलं. ती हसून भांडी आवरायला लागायची. ते दोघं कामाला गेले की ती दुरडी पुढ्यात ओढायची आणि भिंतीकडं तोंड करून सावकाश, एकेक घास चावत जेवायची. तिच्या नावचं पीठ परातीत कधी पडलं नव्हतं. सासरी नाही, लेकाच्या घरीही नाही. सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं ते आपलं, हा तिचा जन्माचा हिशेब, आणि लेकाच्या घरी भरपूर उरत होतं म्हणून म्हातारपणी तिच्या अंगावर जरा मूठभर मांस चढलं होतं. ती किती खाते हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. शहाण्यासुरत्या माणसांच्या घरातही अशी एखादी गोष्ट असते, जी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते म्हणूनच कुणी बघत नाही.

चौऱ्याऐंशीच्या एप्रिलात भीमजयंतीची मिरवणूक निघाली. तरुणपणी कारभारी लेझमीच्या पहिल्या रांगेत असायचा. त्या दिवशी ढोल ऐकला आणि त्याच्या अंगात आलं. लेझीम पथकाचा म्होरक्या गोरक्ष, कारभारीचा शेजारी, नको नको म्हणत असताना कारभारीनं लेझीम हिसकावून घेतली. दोन-चार डाव खेळला न खेळला तोच डोळ्यांपुढं अंधारी, छातीचा भाता, आणि कारभारी मटकन रस्त्यावर बसला. सदऱ्याचं बटण तुटून गटारीकडं घरंगळत गेलं. लोक खो-खो हसले. गोरक्ष पाणी पाजत म्हणाला, "पगारे, लेझीम तुम्ही खेळायची का तुमच्या पोटानं, एकदा ठरवा बुवा!" कारभारी हसला, पण रस्त्याकडेला उभ्या असलेल्या आईच्या तोंडाकडं बघून त्याचं हसू विरलं. ती हसत नव्हती. तिला लेकाचा फुललेला दम तेवढा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी गोरक्ष त्याला डॉक्टरकडं घेऊन गेला. डॉक्टरांनी तपासलं आणि साखर, रक्तदाब दोन्ही वाढल्याचं सांगितलं. "बाकी सगळं नंतर. आधी हे पोट उतरवा," ते म्हणाले. "तळलेलं, गोड बंद. पालेभाजी, मूग, काकडी-मुळा भरपूर. भाकरी मोजकी. पहाटे भरभर चालायचं, घाम येईपर्यंत. आणि घरी जास्तीचं शिजवू नका. तुमच्यासारखी माणसं भुकेनं नाही, उरलं म्हणून खातात." डॉक्टर काही खोटं बोलले नव्हते. मिसळ सोडली तर कारभारी जेवढं म्हणून चुकीचं खात होता, ते सगळं त्या दुरडीतलंच होतं.

घरी येऊन त्यानं सिंधूला सांगितलं, "उद्यापासून दुरडीत उरू द्यायचं नाही."

सिंधू परात पुसत थांबली. "आणि आत्याबाई?"

"माय किती खाते? चिमणीएवढं. तिच्यापुरती एक भाकरी झाकून ठेवत जा." मग त्यानं पडवीकडं बघून आवाज दिला, "माय, तुला एक भाकरी पुरते ना?"

"मला काय लागतंय," भागुबाई म्हणाली. "एक लय झाली."

बारा वर्षांपूर्वी दिलेला शब्द असा पडवी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये उभ्या उभ्या मोडला, आणि तो मोडला हे कारभारीच्या ध्यानातही आलं नाही. त्याला पुढची जयंती दिसत होती. पुढच्या वर्षी पहिल्या रांगेत उभं राहून मिरवणूक संपेपर्यंत खेळायचं, आईनं बघायचं, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं होतं.

पहाटे गोरक्ष कडी वाजवायचा. दोघं जेलरोडनं दसकच्या दिशेनं निघत. गोरक्ष पुढं, कारभारी मागं धापा टाकत. नदीकडच्या मळ्यात सरुबाई माळीण भाजी खुडत असायची. तिच्याकडून मेथी, मुळे, पालक घेऊन पिशवी भरून परत. घरी आल्यावर अंगणात बैठका. जेवायला निम्मं ताट पालेभाजी, वाटीभर मूग, मोजकी भाकरी. मिसळ सुटली. संध्याकाळी काला करायला दुरडीत काही नसेच, तेव्हा पाण्याचा तांब्या आणि काकडी. पहिला महिनाभर पोट जागचं हललं नाही. कारभारी आरशापुढं आडवा-तिडवा उभा राहून बघे आणि चिडचिड करी. सिंधू म्हणायची, "दहा वर्षांत आलेलं दहा दिवसांत जाईल होय? दमानं घ्या." तिनं त्याला उपाशी झोपू दिलं नाही आणि घासभर जास्तही दिलं नाही. ही बाई नसती तर कारभारी मिसळीच्या गाडीवर केव्हाच परत गेला असता. पावसाळा अर्धा सरला तेव्हा पट्टा एक भोक आत आला. मग आणखी एक. त्या दिवशी सिंधूनं त्याच्या पँटी उसवून आत घेतल्या, आणि कारभारीला तिच्या चेहऱ्यावर लग्नातली सिंधू दिसली.

पडवीत बसलेली भागुबाई हे सगळं बघत होती आणि तिला भलतंच काही दिसत होतं.

लेक अंधारात घराबाहेर पडतो आणि घामाघूम होऊन येतो. येताना पिशवीत पाला असतो. ताटात पाला, कच्चा मुळा, आणि एवढीशी भाकरी. संध्याकाळी भूक लागली की पाणी पितो. दुरडी रिकामी. सून पँटी आत घेते. हे असं सगळं तिनं एकदा बघितलं होतं. एका संध्याकाळी ती सिंधूला हळूच म्हणाली, "त्याचं काम सुटलं का गं? खरं सांग."

सिंधूला हसू आवरेना. तिनं कारभारीला सांगितलं, तोही हसला आणि आईजवळ जाऊन बसला. "माय, नोकरी शाबूत आहे. मी पोट कमी करतोय."

"पोट कमी करतं का कुणी?" भागुबाई म्हणाली. "पोट भरंना झालं की ते आपलं आपण कमी हुतं."

"अगं, डॉक्टरनं सांगितलंय. व्यायाम करतो मी पहाटे."

"व्हय का," ती म्हणाली.

कारभारीनं हा किस्सा कचेरीत रंगवून सांगितला. "आमच्या म्हातारीला वाटतंय मी पहाटे कुठं तरी खडी फोडायला जातो!" टेबलाटेबलावरून हशा पिकला. आईला आपलं म्हणणं पटलं, अशी त्याची समजूत झाली होती. तिला काहीएक पटलं नव्हतं. बहात्तर साली ती स्वतः हसून सांगायची की माझं मघाच झालं. लेक आता तेच करतोय, आपल्याला कळू नये म्हणून हसतोय, आणि सून त्याला सामील आहे, असं तिनं मनाशी धरलं. लेकाची लाज राखायची तर आपण विचारायचं नाही. आणि दुष्काळात आईनं काय करायचं असतं, ते तिला कुणी शिकवायला नको होतं.

ते दोघं कामावर गेले की ती झाकलेली भाकरी घ्यायची, तिची कोर तेवढी पाण्यात बुडवून खायची, आणि उरलेली भाकरी मोडून तुकडे परसात फडक्यावर वाळत घालायची. कावळ्यांना काठीनं हाकलत तिथंच बसून राहायची. संध्याकाळच्या भाकरीचंही तेच. सिंधू विचारायची, "जेवलात ना, आत्याबाई?" उत्तर यायचं, "माझं मघाच झालं." भाकरी दुरडीत नसायची, म्हणजे जेवल्या असणार. लुगड्यात गुंडाळलेलं म्हातारं माणूस किती वाळलं, ते रोज बघणाऱ्याला दिसत नाही. कारभारीचं पोट तेवढं सगळ्यांना दिसत होतं. नळावर बायका म्हणायच्या, "भागुबाई, लेक कसा सडपातळ झाला!" ती घागर उचलून निघून जायची. दुरडीची गोष्ट तिनं सांगायची सोडली, हेही कुणाच्या ध्यानात आलं नाही.

जानेवारीत मंगला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. नांदगावलाच दिलेली, सातवा महिना लागलेला. नाशकात त्या दिवसांत हाडं गोठवणारी थंडी होती. आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तिला भूक लागली. अवघडलेल्या बाईची भूक, ती काय घड्याळ बघून येते? आई बालवाडीत, बाप कचेरीत. मंगला सवयीनं दुरडीकडं गेली, फडकं उचललं आणि तिथंच उभी राहिली.

"आजी, दुरडी रिकामी कशी? आपल्या घरात?"

भागुबाई भिंतीला धरून उठली. दाराकडं एकदा बघून घेतलं, मग खाटेखालून जुना तेलाचा डबा ओढून काढला. झाकण उघडलं. आत काठोकाठ भाकरीचे वाळलेले तुकडे होते. काही जुने, काळपट पडलेले, वरचे ताजे.

"पाण्यात भिजवून खा बाई," ती कुजबुजली. "तुझ्या बापासाठी ठेवलं हाय. पुढं लागंल. पण तू दोन जिवाची, तू खा. त्याला सांगू नको, त्याच्या जिवाला लागंल."

मंगलानं तिचा हात धरला. मनगटाभोवती बोटं फिरवली तर ती एकमेकांवर चढली. तिनं आजीला थंडीत घालायला आईचं जुनं स्वेटर काढलं, आणि ते घालताना तिच्या हाताला लुगड्याखालची गाठ लागली.

संध्याकाळी कारभारी आला. दारातच छाती पुढं काढून म्हणाला, "मंगल, काल अंधारात नीट बघितलं नसशील. बघ तरी तुझ्या बापाकडं. पुढची जयंती आपली!" मंगलानं डबा त्याच्यापुढं ठेवला.

कारभारीला आधी कळेना. मग त्यानं एक तुकडा उचलला, हातात फिरवला, आणि त्याचा चेहरा बदलत गेला. असे तुकडे तो ओळखत होता. मंगला हलक्या आवाजात म्हणाली, "पोटाला चिंधी बांधलीय तिनं." तो उठला आणि पडवीत आईपुढं जाऊन बसला.

"माय, घरात सगळं आहे गं. पगार येतो, पीठ आहे, डबे भरलेत. मी मुद्दाम कमी खात होतो. मुद्दाम."

भागुबाईनं त्याच्याकडं बघितलं. "सगळं हाय तर मग दुरडी रिकामी का?"

सिंधू आत दाराला टेकून रडत होती. मग तिनं डोळे पुसले, परात घेतली, आणि त्या संध्याकाळी इतकं पीठ मळलं की परातीत मावेना. भाकऱ्यांवर भाकऱ्या पडल्या. दुरडी भरली, वर फडकं फुगलं. ती दुरडी आत्याबाईंच्या पुढ्यात आणून ठेवली आणि म्हणाली, "ही तुमच्या नावची. आधी तुम्ही." पहिल्यांदा कुणी तरी तिच्या नावानं शिजवलं होतं. भागुबाईनं सुनेचं मन राखायला दोन घास खाल्ले. पोटाला सवय राहिली नव्हती. ते थोड्या वेळानं उलटून पडलं.

तिला पटावं म्हणून कारभारीनं काय नाही केलं! पिठाचे डबे उघडून दाखवले. गूळ, तेल, शेंगदाणे खाटेपाशी आणून मांडले. तिच्यासमोर बसून तो भाकरीवर भाकरी खाऊ लागला, बळं बळं. भागुबाई बघत राहिली. मग तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. "नको रं लेका. मला दाखवायला नको खाऊ. मी पण असंच दाखवायची तुम्हाला."

त्यावर कुठला पुरावा द्यायचा? खरं सांगणाऱ्यावर आई विश्वास ठेवत नव्हती, कारण खोटं कसं सांगतात ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

पेजेचे, दुधाचे चार-चार चमचे पोटात राहू लागले होते, तेवढ्यात थंडी छातीत उतरली. ताप चढला. दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं छातीला नळी लावली, बरगड्या बघितल्या, मग खाटेशी उभ्या असलेल्या कारभारीकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. नीट दाढी केलेला, सडसडीत, तब्येत राखून असलेला माणूस. "तुमच्या आई का?" त्यानं विचारलं. "अंगात काहीच नाही त्यांच्या. घरात खायला मिळत नव्हतं का?" कारभारीनं मान खाली घातली. आयुष्यात कुणी कानफटात मारली असती तरी इतकं लागलं नसतं.

शेवटल्या दिवशी ती शुद्धीवर होती. कारभारी खाटेच्या कडेला बसला होता. तिनं हात पुढं केला आणि त्याच्या सदऱ्यावरून पोट चाचपलं. लहानपणी जेवू घातल्यावर चाचपायची तसं. हात जरा वेळ तिथंच राहिला.

"खपाटीला गेलंय रं," ती म्हणाली. "डबा मंगलापाशी हाय. पुरवून खा."

त्याच रात्री ती गेली.

पुण्यानुमोदनाला कॉलनी लोटली. भंतेजींनी वंदना घेतली, मग पंगती बसल्या. भाताची, भाजीची मोठमोठी पातेली, आणि सगळे जेवून उठले तरी ती निम्मी भरलेलीच. उरलेलं काय करायचं, असं कुणी तरी विचारायला आलं. कारभारी पातेल्याकडं बघत राहिला. "राहू द्या," तो म्हणाला.

सिंधू पुन्हा परातभर पीठ मळू लागली. दुरडी पुन्हा रोज भरलेली राहू लागली. कारभारी तिच्यातलं खाऊ शकत नव्हता. संध्याकाळी ती भाकरी उचलून तो कॉलनीबाहेर पालं ठोकून राहिलेल्यांना देऊन यायचा. डबा त्यानं मंगलाकडून मागून घेतला. रोज एक तुकडा पाण्यात भिजवून तो खायचा, आणि आई म्हणाली तसं पुरवून खायचा. पहाटे गोरक्ष कडी वाजवी तेव्हा तो उठून चालायलाही जाई. त्याला आता पोटाचं काही पडलं नव्हतं. घरातल्या रिकाम्या पडवीपासून लांब जाता येई, एवढंच. सरुबाई मेथीची जुडी पुढं करायची, तो नको म्हणून मान हलवायचा.

एप्रिल आला. मंगलाचं बाळ तान्हं होतं, मुलगी. जयंतीच्या मिरवणुकीत कारभारी रस्त्याकडेला माणसांमागं उभा होता. गोरक्षनं त्याला हुडकून काढलं आणि हाताला धरून ओढत नेलं. "पगारे, वर्षभर घाम गाळला तो मागं उभं राहायला? म्हातारीची इच्छा होती, तुम्हाला खेळताना बघायची." म्हातारीची तसली काही इच्छा नव्हती. ती कारभारीची इच्छा होती. पण हे रस्त्यात कुणाला समजावून सांगणार? पहिल्या रांगेत जागा रिकामी होती. हातात लेझीम आली आणि ढोल सुरू झाला.

लोक ओरडत होते, "वा पगारे! वा! काय शरीर कमावलंय!" कारभारी खाली वाकत होता, वर येत होता, गिरकी घेत होता. समोरच्या गर्दीत सिंधू नातीला घेऊन उभी होती. मागच्या वर्षी तिच्या शेजारी आई होती. कारभारीला वाटत होतं, डोळ्यांपुढं अंधारी यावी, छाती भरून यावी, मागच्यासारखं मटकन खाली बसावं, लोकांनी हसावं, आणि कडेला उभं राहून त्या एकीनं तेवढं हसू नये. त्यासाठी तो जोर लावून, जीव खाऊन खेळत होता. ढोलाची गती वाढली, तशी त्याचीही वाढली. बाजूचे तरुण थकून एकेक करून बाहेर पडले. मिरवणूक पुतळ्यापाशी पोचली, ढोल थांबला, तेव्हा तो अजून उभाच होता.

त्याला दम लागला नव्हता.